'सेऽ' ते 'नामा' : बारा वाचनांचा एक कांजी कसा शिकावा

जपानीच्या पहिल्याच धड्यात 'सेन्सेऽ' म्हणजे शिक्षक आणि 'गाकुसेऽ' म्हणजे विद्यार्थी हे दोन शब्द हमखास येतात. दोन्हींच्या शेवटी एकच कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेले अर्थदर्शक अक्षर, आहे. जन्मणे, जगणे, उगवणे, कच्चे असणे हे त्याचे अर्थ. जपानच्या शाळांत पहिलीला जे ८० कांजी शिकवतात त्यांत हा येतो, रेघा जेमतेम पाच, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ची, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीची, तयारी करणाऱ्यांना तो टाळता येत नाही. तरीही भलेभले त्याच्यापाशी अडखळतात. नित्य वापराच्या कांजींचा जो सरकारी तक्ता २०१० साली सुधारला गेला, त्यातल्या २,१३६ कांजींपैकी या एकापुढे बारा वाचने, म्हणजे वाचायचे उच्चार, छापलेली आहेत: दोन चिनी वळणाची, दहा देशी. गावांची नावे आणि आडनावे धरली तर आणखी वाढतात.

ही बारा वाचने पाठ करायला बसू नका. यादी पाठ झाली तरी समोर आलेला शब्द वाचता येत नाही, कारण कोणते वाचन घ्यायचे ते अक्षर सांगत नाही, त्याचे शेजारी सांगतात. मराठीत पाण्यासाठी एकच चिन्ह असते आणि ते 'जलप्रवासा'त 'जल' तर एकटे आले की 'पाणी' असे वाचायचे असते, तर आपण यादी पाठ केली नसती. शब्द वाचत गेलो असतो. इथेही तेच करायचे, फक्त क्रम नीट लावून: आधी लिहिणे, मग 'सेऽ'चे शब्द, मग दुकानातला 'नामा', मग क्रियापदे, त्यानंतर 'शोऽ'. नावे सगळ्यात शेवटी, आणि तीही जेवढी समोर येतील तेवढीच.

उच्चार कसे लिहिले आहेत

ए आणि ओ लांबवायचा असेल तिथे अवग्रह दिला आहे: सेऽ, शोऽ. 'आ'ची काना दिसली तरी जपानी आ आखूडच असतो, 'नामा' झटकन म्हणा. 'सेन्सेऽ' हा शब्द हिरागानात, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांत, से-न-से-इ असा लिहितात, पण बोलताना शेवटचा इ वेगळा ऐकू येत नाही. ए दोन मात्रा लांबतो. मराठी माणूस लिहिलेले सगळे उच्चारतो, म्हणून 'सेन्सेई' असा ठसठशीत ई येतो. तो सोडा.

दुसरी अडचण ज आणि च यांची. आपल्या 'जो माणूस'मधला दंत्य ज आणि 'जीवन'मधला तालव्य ज वेगळे आहेत. वाढदिवसाला जपानीत म्हणतात त्यात तालव्य ज आहे, म्हणून इथे तो 'तान्ज्योऽबि' असा लिहिला आहे. 'तान्जोबी' असे दंत्य ज लावून म्हटले तर ते कानाला खटकते.

पायरी १ : पाच रेघा, त्याच क्रमाने

अक्षर इथे छापून दिलेले नाही. खालच्या वर्णनावरून ते आधी वहीत काढा आणि मग फोनवरच्या जपानी शब्दकोशात 'सेन्सेऽ' शोधून त्यातल्या दुसऱ्या अक्षराशी ताडून पाहा. नुसते बघून नक्कल केली की क्रम चुकतो आणि चुकलेला क्रम हाताला चिकटतो.

वही गणिताची, चौकटींची घ्या. एका चौकटीत कोंबू नका. दोन आडव्या आणि दोन उभ्या अशा चार चौकटी मिळून एक घर धरा. मधोमध आयती एक उभी आणि एक आडवी रेषा मिळते. जपानी मुलांच्या सरावाच्या वहीत हेच अधिक चिन्ह तुटक रेषेने छापलेले असते.

पहिली रेघ: घराच्या वरच्या डाव्या भागात, वरून खाली डावीकडे उतरणारी छोटी तिरपी रेघ. शेवटी हात हलका सोडायचा, म्हणजे टोक निमुळते होते. हा ठिपका नव्हे.

दुसरी: त्या तिरप्या रेघेच्या मध्याजवळून निघून उजवीकडे जाणारी आडवी. उजवे टोक किंचित वर राहिले तर चांगले दिसते.

तिसरी: उभी रेघ. घराच्या मधल्या उभ्या रेषेवरूनच उतरवायची. सुरुवात दुसऱ्या रेघेच्या बऱ्याच वरून, शेवट घराच्या तळाशी. तळाला पेन थांबवून उचला.

चौथी: मधली आडवी, उभ्या रेघेला छेदून. लांबीला दुसरीपेक्षा थोडी कमी.

पाचवी: तळाची आडवी, सगळ्यांत लांब, उभ्या रेघेच्या पायाला टेकलेली.

थोडक्यात तिरपी, आडवी, उभी, आडवी, आडवी. इथे एक सापळा आहे. 'आडवी आधी, उभी नंतर' हा कांजीचा सर्वसाधारण नियम इथे पूर्ण लागू होत नाही. उभी रेघ दोन आडव्या शिल्लक असतानाच येते. राजा या अर्थाचा कांजीही असाच लिहितात. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये रेघांच्या क्रमाची शिक्षकांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात हा क्रम आहे. चीनमध्ये मात्र दोन आडव्या काढून मग उभी काढतात, म्हणून चिनी शिकवणारा व्हिडिओ बघून सराव करू नका. अक्षर तेच दिसते, क्रम वेगळा असतो.

हा क्रम एवढा का सांभाळायचा? घाईने लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि त्या कशा जोडल्या जातील हे क्रमावर ठरते. जपान्यांचे घाईचे अक्षर वाचायचे तर तोच क्रम हातात असावा लागतो. फोनवर बोटाने लिहून शब्द शोधतानाही योग्य क्रमाने काढलेले अक्षर लवकर ओळखले जाते.

आता चुका. सर्वांत जास्त दिसते ती उभी रेघ तळाच्या रेघेखाली उतरणे. हे अक्षर मुळात जमिनीतून वर आलेल्या कोंबाचे चित्र आहे; तळाची रेघ म्हणजे जमीन. कोंब जमिनीच्या वर असतो, एवढे लक्षात ठेवले की उभी रेघ खाली जात नाही. तळाची आडवी विसरली आणि उभी खाली लोंबली की गाय या अर्थाचा चार रेघांचा कांजी होतो. तिरपी रेघ विसरून वर नुसता ठिपका दिला आणि उभी रेघ वरच्या आडवीतून बाहेर काढली नाही, तर 'मालक, मुख्य' या अर्थाचा कांजी होतो. तिन्ही आडव्या सारख्याच लांबीच्या काढल्या तर अर्थ बदलत नाही, पण अक्षर शिडीसारखे दिसते.

देवनागरी लिहिणाऱ्यांची एक खास सवय नडते. आपण अक्षरे आधी लिहितो आणि शिरोरेघ शेवटी ओढतो, शिवाय सगळे काही वरच्या रेषेला टांगतो. कांजी टांगायचा नसतो, घराच्या मध्यावर तोलायचा असतो. वरून आणि खालून सारखीच मोकळी जागा राहिली पाहिजे.

'सेन्सेऽ' लिहिताना आणखी एक गोंधळ होतो. त्यातल्या पहिल्या अक्षराचा माथा हुबेहूब असाच आहे: तिरपी, आडवी, उभी, आडवी. पण तिथे उभी रेघ दुसऱ्या आडवीलाच थांबते आणि खाली दोन पाय फुटतात, डावा तिरपा आणि उजवा वळून वर उचललेला. एकूण सहा रेघा. दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी दहा वेळा लिहा, वेगवेगळी नव्हे.

पायरी २ : 'सेऽ'चे शब्द

दोन किंवा अधिक कांजी एकमेकांना चिकटून आले आहेत, मध्ये किंवा शेवटी हिरागाना नाही, अशा ठिकाणी पहिला अंदाज 'सेऽ'. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. सुरुवातीला हे शब्द पुरेत: सेन्सेऽ, गाकुसेऽ, सेऽतो, र्‍यूऽगाकुसेऽ म्हणजे परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी, सेऽकात्सु म्हणजे रोजचे जगणे, जिन्सेऽ म्हणजे आयुष्य, सेऽमेऽ म्हणजे जीव या अर्थाने जीवन, सेऽसान् म्हणजे उत्पादन. कारखान्यात किंवा वाहन उद्योगात काम करणाऱ्यांना शेवटचा शब्द रोज लागतो.

'गाकुसेऽ' आणि 'सेऽतो' यांत फरक आहे. महाविद्यालयात, विद्यापीठात शिकतो तो गाकुसेऽ. माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेतला सेऽतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी कागदोपत्री 'जिदोऽ' हा तिसराच शब्द आहे आणि त्यात आपला कांजी नाही. सातवीतल्या भाचीची ओळख गाकुसेऽ म्हणून करून दिली तर कळते सगळ्यांना, पण ते बरोबर नाही. तसेच 'सेन्सेऽ' स्वतःला लावायचा नसतो. 'मी शिक्षक आहे' हे सांगायला 'क्योऽशि' वापरतात. दुसऱ्याच्या आडनावामागे मात्र तो खुशाल लावा. डॉक्टर, वकील, आमदार-खासदार यांनाही तो चालतो.

या गटातला सर्वांत उपयोगी शब्द म्हणजे 'सेऽनेन्गाप्पि', जन्मतारीख. चार कांजींचा हा शब्द नगरपालिकेत, बँकेत, दवाखान्यात, सिम कार्ड घेताना प्रत्येक अर्जावर असतो. त्याच्या घरात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने भरायचे. आपण दिवसापासून सुरुवात करतो, तो हात आवरा. अर्जावर काही ठिकाणी जपानी कालगणना, म्हणजे सम्राटांच्या कारकिर्दींची नावे, छापलेली असते आणि त्यातल्या एकाला गोल करायचा असतो. इसवी सनातून १९२५ वजा केले की शोऽवा, १९८८ वजा केले की हेऽसेऽ, २०१८ वजा केले की रेऽवा. १९८५ चा जन्म म्हणजे शोऽवा ६०, १९९८ चा म्हणजे हेऽसेऽ १०. सीमेवरची तारीख तेवढी सांभाळा: हेऽसेऽ ८ जानेवारी १९८९ ला सुरू झाले, रेऽवा १ मे २०१९ ला. 'सेऽरेकि' असा पर्याय दिसला तर तो इसवी सनाचा. तो घ्या आणि गणित टाळा.

पायरी ३ : दुकानातला 'नामा'

जपानमध्ये राहायला गेलेल्याला हा कांजी पुस्तकापेक्षा दुकानात जास्त भेटतो, आणि तिथे त्याचे वाचन बहुधा 'नामा': कच्चे, न शिजवलेले, प्रक्रिया न केलेले. अक्षर एकटे असेल, किंवा पुढे काताकाना या दुसऱ्या उच्चारलिपीत लिहिलेला परकीय शब्द असेल, किंवा पुढे खाण्याची वस्तू असेल, तर 'नामा' म्हणून बघा. नामा-कुरीमु म्हणजे ताजे क्रीम, नामातामागो म्हणजे कच्चे अंडे, नामा-मेन् म्हणजे न वाळवलेल्या ओल्या शेवया, ज्या फ्रीजमध्येच ठेवाव्या लागतात. मद्यालयात लोक बसता बसता 'तोरिआएझु नामा' म्हणतात: सध्या बिअर आणा. तिथे 'नामा' म्हणजे नामा-बीरु, तापवून निर्जंतुक न केलेली बिअर, म्हणून बंद डब्यावरही हे अक्षर असते. दरपत्रकात या अक्षरापुढे 'मधला' या अर्थाचा कांजी दिसला तर ते 'नामाच्यू', मध्यम आकाराचा पेला.

जीभ आणि पोट दोन्हींच्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द मात्र 'नामा'चा नाही. कालवांच्या पाकिटावर 'सेऽशोकुयोऽ' असेल तर ती कच्ची खाण्यासाठी आहेत. 'कानेत्सुयोऽ' असेल तर शिजवूनच खायची. कानेत्सुयोऽ म्हणजे शिळी, असे नवखे समजतात. तसे नसते, ती कोणत्या पाण्यातून काढली आणि त्यांच्यावर काय प्रक्रिया केली यावर हा फरक ठरतो. ताजी दिसतात म्हणून ती कच्ची खाल्ली तर आजारी पडाल. अंड्यांच्या खोक्यावरची तारीखही अंडे कच्चे खाण्याची मुदत असते. ती उलटली तर अंडे लगेच फेकायचे नाही, पूर्ण शिजवून खायचे.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी 'राक्कासेऽ' हा तीन कांजींचा शब्द आधी पाठ करावा. शेवटचे अक्षर आपलेच. शेंगदाणा हा जपानमध्ये पाकिटावर जाहीर करणे बंधनकारक असलेल्या पदार्थांपैकी आहे आणि घटकांच्या यादीत तो या नावानेही येतो. आल्याच्या 'शोऽगा'तही हेच अक्षर पहिले आहे, पण पाकिटांवर तो शब्द बरेचदा हिरागानात लिहितात. त्याआधी हा कांजी लावला असेल तर 'नामा-शोऽगा', ताजे आले.

कचऱ्याच्या तक्त्यावर 'नामागोमि' दिसेल: स्वयंपाकघरातला ओला कचरा. बहुतेक ठिकाणी तो 'मोएरु गोमि', म्हणजे जाळायच्या कचऱ्याबरोबर जातो, आणि सोबत 'मिझु ओ किरु' अशी सूचना असते, पाणी निथळून टाका. वार आणि पिशव्यांचे नियम प्रत्येक नगरपालिकेचे वेगळे असतात. शेजाऱ्यांच्या तक्त्यावर विसंबू नका, आपल्याच भागाचा घ्या.

खाण्यापलीकडेही 'नामा' जातो. नामाहोऽसोऽ म्हणजे थेट प्रक्षेपण. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत ते नामागावाकि. मनापासून न दिलेले उत्तर ते नामाहेन्जि. आपला 'कच्चा' जसा न शिजलेल्यालाही लागतो आणि अर्धवटालाही, तसाच हा.

एकाच जोडीची दोन वाचने

आता थोडे खडबडीत. हे अक्षर आणि त्यामागे 'वस्तू' या अर्थाचा कांजी: वाचन 'सेऽबुत्सु' केले तर सजीव, जीवशास्त्र, 'नामामोनो' केले तर नाशवंत, कच्चे खाणे. पार्सलच्या चिठ्ठीवर असेल तर नामामोनो, शाळेच्या वेळापत्रकात असेल तर सेऽबुत्सु. तसेच हे अक्षर आणि 'भूमी'चा कांजी: कापडाच्या दुकानात आणि बेकरीत 'किजि', म्हणजे कापड किंवा मळलेली कणीक, एखाद्याच्या चरित्रात 'सेऽचि', जन्मस्थान. प्रसंग बघून ठरवायचे, दुसरा इलाज नाही.

'किजि'तले 'कि' हे स्वतंत्र वाचन आहे, शुद्ध, भेसळ नसलेले या अर्थाचे. किइतो म्हणजे कच्चे रेशीम; सरकारने १८७२ मध्ये तोमिओका इथे जी गिरणी उभारली ती याच धाग्याची. सोया सॉसच्या बाटलीवर 'नामा' आणि 'कि' समोरासमोर येतात: तेच अक्षर 'नामा-शोऽयु' वाचले तर तापवून निर्जंतुक न केलेला सॉस, 'किज्योऽयु' वाचले तर दुसरे काही न मिसळलेला. म्हणून चांगले उत्पादक वर बारीक हिरागानात वाचन छापतात. कांजीच्या डोक्यावरच्या अशा अक्षरांना फुरिगाना म्हणतात, आणि या कांजीपाशी तरी ती आधी बघायची सवय लावा.

पायरी ४ : शेपूट बघून क्रियापद ओळखा

कांजीनंतर लगेच हिरागाना आली की ते देशी वाचन, आणि कोणते ते पहिल्या एकदोन हिरागानांवरून कळते. या शेपटाला ओकुरिगाना म्हणतात. कि आला तर 'इकिरु', जगणे. मारे आला तर 'उमारेरु', जन्मणे. मु आला तर 'उमु', जन्म देणे. ए आला तर 'हाएरु', उगवणे. यासु आला तर 'हायासु', वाढू देणे. कासु आला तर 'इकासु', जगवणे, उपयोगात आणणे. केरु आला तर 'इकेरु', फुले रचणे; इकेबानातला 'इके' तो हाच. उरलेले 'ओउ' एकटे फारसे येत नाही, 'ओइताचि' म्हणजे जडणघडण यासारख्या शब्दांत भेटते, तेव्हा पुढे बघू.

या जोड्या मराठी माणसाला सोप्या जाव्यात, कारण जगणे-जगवणे, जन्मणे-जन्म देणे हा भेद आपल्याकडे आहेच. लक्ष द्यायचे ते मधल्या प्रत्ययावर. दात, गवत, केस, बुरशी आपोआप येतात: 'हा गा हाएरु', दात येतो, 'काबि गा हाएरु', बुरशी धरते. दाढी मात्र माणूस राखतो: 'हिगे ओ हायासु'. आपोआप घडते तिथे गा, कोणी करते तिथे ओ. जून-जुलैच्या त्सुयुमध्ये, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, काबिवाले वाक्य फार ऐकू येते.

जन्मस्थान सांगताना: 'इन्दो नो पुने दे उमारेमाशिता'. गाव आधी नाही, देश आधी. समोरचा 'ओउमारे वा दोचिरा देस् का' असे विचारेल. 'ओ' हा आदराचा, स्वतःबद्दल बोलताना तो लावू नका.

'इकिरु'चे दोन खड्डे. 'मी टोकियोत राहतो' हे सांगायला तो वापरत नाहीत. त्यासाठी 'सुमु', वाक्यात 'सुन्दे इमास्'. इंग्रजीतून जपानी शिकणारे इथे चुकतात. मराठीत राहणे आणि जगणे वेगळे आहेत, म्हणून विचार मराठीतून केला तर चूक होत नाही. दुसरे असे की 'इकिरु'चे आदरार्थी रूप 'इकिमास्' आणि 'जाणे' या अर्थाच्या 'इकु'चेही 'इकिमास्'. कानाने फरक करता येत नाही, संदर्भाने करायचा. ते-रूपात दोघे वेगळे होतात: जगून 'इकिते', जाऊन 'इत्ते'.

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी 'केऽकेन् ओ इकाशिते हाताराकिताइ देस्' हे वाक्य बसवून ठेवावे: माझ्या अनुभवाचा उपयोग करून काम करायची इच्छा आहे. हा 'इकासु' अनेकजण 'सेऽकात्सु'मधल्या दुसऱ्या कांजीनेही लिहितात. दोन्ही चालतात, एका अर्जात एकच ठेवा.

पायरी ५ : 'शोऽ'

चिनी वाचनांपैकी 'शोऽ' हा जपानात आधी पोचलेला थर. बौद्ध ग्रंथांबरोबर रुजलेल्या शब्दांत तो टिकला: शुज्योऽ म्हणजे प्राणिमात्र, मूळ संस्कृत शब्द 'सत्त्व', सेश्शोऽ म्हणजे जीवहत्या. रोजच्या वापरात थोडेच आहेत आणि ते सुटे सुटे पाठ करणेच सोपे: तान्ज्योऽबि, इश्शोऽ म्हणजे जन्मभर, इश्शोऽकेन्मेऽ म्हणजे जीव तोडून, शोऽगाइ म्हणजे सारी हयात. शब्दाच्या पोटात गेल्यावर शोऽचा कधी ज्योऽ होतो, आणि 'इचि' त्याला चिकटला की मधला चि गळून श्श होतो. 'इचिशोऽ' असे कोणी म्हणत नाही.

हिरागानाचे शेपूट असूनही चिनी वाचन घेणारा एक अपवाद आहे: 'शोऽजिरु', उद्भवणे. बातम्यांत आणि करारपत्रांत येतो. शेपटात जि दिसला की हाच.

जपानमध्ये मूल झाले तर 'शुश्शोऽ तोदोके', जन्माची नोंद, १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत द्यावी लागते. आईवडील परदेशी असले तरी हे लागू आहे. हाच शब्द 'शुस्सेऽ' असाही ऐकू येतो. गोंधळू नका, कागद तोच.

पायरी ६ : नावांपुढे अंदाज चालत नाही

१९९६ मध्ये शोऽगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, सातही किताब एकाच वेळी हाती असलेले योशिहारु हाबु आणि २०१४ व २०१८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा स्केटिंगपटू युझुरु हान्यू यांचे आडनाव कांजीत एकच आहे. दुसरा कांजी आपला. एकात त्याचे 'बु', दुसऱ्यात 'न्यू'. २००८-०९ मध्ये पंतप्रधान असलेले तारोऽ आसोऽ यांच्याही आडनावात तो आहे. टोकियोच्या पश्चिमेचे फुस्सा, नारातले इकोमा, गुन्मातले किर्‍यू ही शहरे, आणि १८६२ मध्ये सात्सुमा प्रांताच्या सामुराईंनी इंग्रज व्यापाऱ्याला ठार केले ते योकोहामाजवळचे नामामुगि, सगळीकडे हाच कांजी आणि दर वेळी वेगळा आवाज. नियम शोधत बसू नका. आडनाव असेल तर विचारा. 'नान् तो योमिमास् का', कसे वाचायचे, हा प्रश्न जपानीही एकमेकांना विचारतात. स्थानक असेल तर फलकावर हिरागाना असतेच.

सामान्य शब्दांतले असे दोन अपवाद सरकारी तक्त्याच्या पुरवणीतच दिले आहेत: शिबाफु म्हणजे हिरवळ, आणि यायोइ, मार्चचे जुने नाव. बागेतल्या पाटीवर 'शिबाफु नि हाइरानाइदे कुदासाइ' असेल तर हिरवळीवरून चालू नका.

सराव कसा ठेवावा

पहिले दोन दिवस फक्त लिहिणे, दिवसाला वीसएक वेळा, त्याहून जास्त नको. पन्नासाव्या वेळी हात चालतो, लक्ष नसते. मग रोज पाच शब्द. कार्ड करत असाल, कागदाचे किंवा अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमधले, तर एका बाजूला सुटे अक्षर आणि दुसरीकडे बारा वाचने असे कार्ड करू नका, ते कधीच पाठ होत नाही. पुढे अख्खा शब्द किंवा छोटे वाक्य कांजीत, मागे वाचन आणि अर्थ. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. जेएलपीटीने २०१० पासून कांजींची अधिकृत यादी काढणे थांबवले आहे, त्यामुळे 'एन-५ला एवढीच वाचने येतात' असे छातीठोक सांगणाऱ्या तक्त्यांवर फार भरवसा नको. सेऽ, नामा आणि उमारेरु, इकिरु पक्के असतील तर त्या पातळीवर अडत नाही.

टंकताना सुटे 'सेऽ' टंकू नका, पर्यायांची लांबलचक रांग येते. अख्खा शब्द टंका. लांब एसाठी ए नव्हे, इ लावायचा: से-इ. लांब ओसाठी उ: शो-उ. 'तान्ज्योऽबि' टंकताना 'ज्यो'नंतरचा उ विसरला तर यंत्र भलताच शब्द सुचवते आणि नवखा कीबोर्डला दोष देतो.

पुढचा कांजी निवडायचा तर याच अक्षराला पोटात घेणारे घ्या. डावीकडे 'स्त्री'चा भाग जोडला की आडनाव, डावीकडे 'हृदया'चा भाग जोडला की स्वभाव किंवा लिंग, डोक्यावर 'सूर्य' ठेवला की तारा. तिन्हींचे चिनी वाचन 'सेऽ', आणि तिघांनाही 'शोऽ' हे दुसरे वाचन आहे. नगरपालिकेच्या एकाच अर्जावर यांतले दोन भेटू शकतात: आडनावाच्या घरात 'सेऽ', लिंगाच्या घरात 'सेऽबेत्सु', आणि खाली सेऽनेन्गाप्पि. 'सेऽसान्'मधल्या दुसऱ्या कांजीच्या पोटातही हेच अक्षर आहे, पण त्याचे वाचन 'सान्'. तोही 'उमु' असा वाचतात. बाळंतपणाला तो वापरायचा, आणि नफा, विक्रम, नवी कल्पना जन्माला घालायची असेल तर आपला पाच रेघांचा.